दादाचे कान आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही. नावं ठेवायची आहे, आणि ती अगदी मनापासून पाळली जाते. आमटी फसली तर पानावरून उठेपर्यंत तिच्यावर चर्चा होते. आमटी जमली तर कोणी काही बोलत नाही, आणि कोणी काही बोललं नाही यावरून करणारीनं काय ते ओळखायचं. हे समजायला माझ्या बायकोला लग्नानंतर बराच काळ लागला. तोवर ती रोज विचारायची, "बरी झाली होती का हो?" आणि मी दचकून विचारायचो, "का? काय झालं?"

या पद्धतीतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा कसब्यात राहतो. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात त्याची सगळी नोकरी झाली, म्हणजे चुका काढण्याचा त्याला महिन्याच्या महिन्याला पगारही मिळत होता. पण त्याची खरी ख्याती कानांची. आमच्या हॉलमधला पंखा बंद पडण्याच्या किती तरी आधी दादानं जेवता जेवता वर बघून सांगितलं होतं, "याचं बेअरिंग चाललंय." मैफलीत तंबोऱ्याची तार किंचित उतरली की आधी दादाच्या कपाळाला आठी पडायची, मग गाणाऱ्याच्या. आमच्या ओळखीतले काही लोक तर गाणं रंगतंय की नाही हे बघायला स्टेजकडे न बघता दादाकडे बघायचे.

आणि त्याची एक परीक्षा होती. लहानपणी आमच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेचे दिवे पेटणारा रेडिओ होता. तो दुरुस्त होऊन घरी आला की वडील लगेच स्टेशन लावायला जायचे आणि दादा त्यांचा हात धरायचा. आधी आवाजाचं बटण पूर्ण खाली. मग सगळ्यांनी गप्प. मग दादा रेडिओच्या कापडाला कान लावायचा. "आधी याला गप्प बसता येतंय का बघू," तो म्हणायचा, "बोलायचं नंतर." आतून घूं असा बारीक आवाज आला की रेडिओ नापास, आणि वडील निमूटपणे तो पिशवीत घालून पुन्हा मेकॅनिककडे घेऊन जायचे. ही परीक्षा पुढे दादानं टेपरेकॉर्डरला लावली, टीव्हीला लावली, आणि माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिलाही लावली. परतीच्या वाटेवर म्हणाला, "गप्प बसते. हरकत नाही." दादाच्या कानांची ती पहिली चूक, असं मी म्हणतो. बायको म्हणते, चूक कसली, दादा बोलत असताना दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला मिळालं होतं का?

तर हा माणूस गाणं ऐकायचा थांबला. वहिनी गेल्या त्याला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आधी मैफली सुटल्या. "माईकवाल्यांनी गाण्याची वाट लावलीय. सगळीकडे नुसती घरघर." मग घरचं ऐकणंही सुटलं. एका रविवारी आपल्या सगळ्या रेकॉर्डी रिक्षात घालून तो आमच्या बिबवेवाडीच्या घरी आला, खोकी दिवाणाखाली सरकवली आणि म्हणाला, "तुझ्याकडे असू देत. माझ्या यंत्रात राम राहिला नाही." मी म्हटलं, नवीन घेऊ या का? तर म्हणाला, "बाजारात काय मिळतं ते मला माहीत आहे."

तो चहा पिऊन गेला आणि मी त्या खोक्यांकडे बघत बसून राहिलो. मला गाणं ऐकायला दादानं शिकवलं. शाळेत होतो तेव्हा मला सायकलवर डबलसीट घेऊन तो मैफलींना जायचा, आणि मी पेंगायला लागलो की कोपरानं ढोसून सांगायचा, "आता झोपू नकोस, आता येईल बघ." आणि खरंच यायचं. असा माणूस वहिनी नाहीत, गाणं नाही, अशा घरात दिवसभर काय करत असेल? मी एका कंपनीच्या टेस्टिंग विभागातून नुकताच रिटायर झालो होतो. हात शिवशिवत होते. मी ठरवलं, दादाच्या परीक्षेत पास होईल असं यंत्र आपणच बांधायचं आणि त्याला पुन्हा गाण्यासमोर आणून बसवायचं. मला बाकी काही नको होतं. म्हणजे, तो "जमलंय" असं म्हणाला असता तर मी काही कान झाकून घेतले नसते.

आता मी नक्की काय बांधलं ते सांगतो, कारण आमच्या सोसायटीत त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू असतो आणि तो मागेपुढे हलून आवाज करतो. मला हवे होते ते स्पीकर दाराच्या फळीसारखे उभे आणि सपाट. त्यांत भोकाभोकांचे दोन पत्रे असतात, आणि त्यांच्या मधोमध, कोणालाही न टेकता, प्लास्टिकचा एक पडदा ताणून बसवलेला असतो. इतका पातळ, की जवळ जाऊन श्वास सोडला तरी हलावा. पडद्याला आणि पत्र्यांना काही हजार व्होल्ट दिले की विजेच्या ओढीनं तो पडदा हलतो आणि गातो. शंकू नाही, खोकं नाही. गाणारा जणू समोर सतरंजीवर येऊन बसतो. मात्र एवढे व्होल्ट साध्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नाहीत, म्हणून लोक मध्ये एक ट्रान्सफॉर्मर घालतात. मी म्हटलं, मध्ये कोणी नको. हजारो व्होल्ट थेट देईल असा व्हॉल्व्हचाच अ‍ॅम्प्लिफायर करू.

"थोडक्यात, हॉलमध्ये विजेचा खांब आणताय," बायको म्हणाली.

थोडक्यात तेच होतं.

पडदा ताणण्याची जी रीत या नादातल्या लोकांनी काढली आहे ती सायकलच्या ट्यूबची. टेबलाच्या कडेनं ट्यूब फिरवायची, तिच्यावरून पडदा घेऊन टेबलाच्या खाली चिकटपट्टीनं पक्का करायचा आणि मग पंपानं हवा भरायची. ट्यूब फुगेल तसा पडदा चहूबाजूंनी सारखा ताणला जातो. आमच्याकडे एवढं मोठं टेबल एकच, जेवणाचं. ते काम चालू होतं तोवर आम्ही खाली पाट मांडून जेवलो. कोणी आलं की बायको सांगायची, "ह्यांनी टेबल पंक्चरला टाकलंय."

पुढे पडद्यावर वीज टिकावी म्हणून त्याला साबणाचा अगदी पातळ हात द्यावा लागतो. भांडी घासायचा लिक्विड साबण त्याला उत्तम. मी एक सबंध सकाळ मऊ फडक्यानं, हलक्या हातानं, गोल गोल फिरवत पडद्याला साबण लावत होतो. बायको ओट्याशी हाताची घडी घालून बघत होती. "म्हणजे साबण कुठे असतो हे माहीत आहे तर," ती म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

अ‍ॅम्प्लिफायरची पेटी मला तांब्याची हवी होती. तांबट आळी दादाच्या घरापासून चार पावलांवर. तिथल्या एका तांबटाला मी मापं दिली, कोपरे काटकोनात हवेत हे दोनदा बजावलं, आणि आठवड्यानं घ्यायला गेलो. पेटी सुरेख झाली होती. कोपरे काटकोनात होते. फक्त सगळ्या अंगावर ठोक्यांची दाट नक्षी होती, बंबावर असते तशी. मी म्हटलं, "अहो, मला सपाट हवी होती." त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. "सपाट हवी तर पत्र्याच्या दुकानात मिळते," तो म्हणाला. "आमच्याकडे येऊन ठोके नकोत म्हणजे हलवायाकडे जाऊन साखर नको म्हटल्यासारखं झालं."

त्यामुळे माझा अ‍ॅम्प्लिफायर दिसायला पाणी तापवायच्या बंबासारखा आहे. वर व्हॉल्व्ह पेटले की पाहुणे हमखास विचारतात, किती वेळात तापतं? खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करताना बायकोनं विळी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. झेंडूची माळ मात्र मी व्हॉल्व्हवरून वेळेत काढली.

हजारो व्होल्टच्या कामाचा एक नियम आहे, एक हात कायम खिशात. दोन्ही हात यंत्रात असले आणि धक्का बसला तर तो एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज असतं. कंपनीत हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. माझ्या लेंग्यांना खिसेच नव्हते. हा नियम मी एकदा सहज बोललो, तर दोन दिवसांनी बघतो, कपाटातल्या सगळ्या लेंग्यांना डावीकडे खिसे शिवलेले. आमच्या घरच्या मानानं ही माया जरा उघडीच पडली. म्हणून तिनं लगेच भर घातली, "तुम्हाला काही झालं तर हे धूड उचलणार कोण?"

मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे. दिवसातला बराच वेळ ती कंपनीच्या बसमध्ये असते आणि उरलेल्या वेळात आम्हाला सल्ले देते. "बाबा, सीरियसली, काकाला एक नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेऊन द्या ना. मॅटर क्लोज." मी सांगितलं, दादा कानात तेल सोडून दुसरं काही घालत नाही. ती म्हणाली, "ओके, मग चालू द्या तुमचा थर्मल प्लँट."

पहिल्यांदा स्पीकरना व्होल्ट दिले तेव्हा संध्याकाळ होती आणि खिडकी उघडी होती. एक डास पत्र्याच्या भोकातून आत गेला आणि चट्ट असा आवाज झाला. मग दुसरा गेला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि प्रथमच म्हणाली, "हे मात्र चांगलंय हो. गाणं नाही वाजलं तरी असू दे."

पण गाणं वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात कोणी नसताना, मी दादाच्या खोक्यातली एक रेकॉर्ड लावली. जुनी, तोडीची. बाई सूर लावण्याआधी श्वास घेतात तो मला ऐकू आला. तंबोऱ्याच्या तारा एकामागून एक सुटताना ऐकू आल्या, मागे कोणीतरी हळूच मांडी बदलली तेही आलं. आणि मग षड्ज असा आला, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं हे मी इथे लिहितो आहे, घरात कोणाला बोललो नाही. मी लगेच दादाला फोन केला.

दादा रविवारी आला. चपला काढल्या, आत आला, तांब्याच्या पेटीकडे बघितलं. "पाणी कुठून घालायचं?"

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्ड हातात घेतली. "लावू?"

"आधी गप्प बसव."

मला हे माहीत होतं. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडक्या लावल्या. बायकोला सांगून ठेवलं होतं की कुकर लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही आणि हाक तर अजिबात मारायची नाही. दादानं डोळे मिटले. मी एक हात खिशात घालून उभा राहिलो.

"घूं आहे," दादा म्हणाला.

मी स्पीकरजवळ गेलो. होती. अगदी बारीक, पण होती. मी इतके दिवस या यंत्राबरोबर काढले आणि मला ती जाणवली नव्हती, आणि दादानं ती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पकडली. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. म्हटलं, कान अजून तेच आहेत. मी विचारलं, "तरी एक रेकॉर्ड ऐकतोस का?" तर म्हणाला, "आधी हे घालव. मग गाणं." चहा प्यायला आणि गेला.

मी कामाला लागलो. व्हॉल्व्हच्या आतली तार तापवायला जो करंट लागतो, त्याचीच घूं असावी असं वाटलं, म्हणून तो करंट भिंतीतून न घेता बॅटऱ्यांवरून घेतला. मोठा ट्रान्सफॉर्मर पेटीतून काढून गॅलरीत तुळशीशेजारी नेऊन ठेवला. महिन्याभरात मीटरवरचा काटा हलेनासा झाला आणि आवाजाची रेघ काढून दाखवणाऱ्या स्कोपवर ती ओट्याच्या कडेसारखी सरळ झाली. दादाला पुन्हा बोलावलं. पंखा बंद, फ्रिज बंद, बायको बंद.

"आहे," दादा म्हणाला. "जरा कमी झालीय. पण आहे."

मी स्कोपकडे बघितलं, रेघ सरळ. मी कान दिला, मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात अशा वेळी भावाला सांगितलं असतं की बाबा रे, नाहीये. आमच्या घरात यंत्राचे आणि दादाचे मतभेद झाले तर यंत्र दुरुस्तीला जातं.

दादा गेल्यावर बायको म्हणाली, "मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"येतात. तुम्ही मध्ये बोलता."

मी पेटी पुन्हा रिकामी केली. सगळ्या तारा उपसल्या, नव्यानं पीळ घालून लावल्या, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच स्क्रूवर आणल्या. दादा तिसऱ्यांदा आला. डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "आहे."

"गेल्या वेळेपेक्षा कमी?"

"नाही. तेवढीच."

या वेळी मी चिडलो. त्याच्यावर नाही, त्याच्यावर चिडायची आमच्याकडे सोय नाही, यंत्रावर चिडलो. दादा चहा पिताना म्हणाला, "तुझंच काय, माझ्याकडे फ्रिजची इतकी घूं येते की मी झोपताना तो बंद करतो. दूध नासतं, नासू दे. आणि पाण्याच्या पंपाचं तर सांगूच नकोस. बंद आहे म्हणतात आणि चालू ठेवतात. वरच्यांशी भांडण झालंय माझं." मी थक्क होऊन ऐकत होतो. वयाबरोबर लोकांचे कान जातात, आमच्या दादाचे धारदार होत चाललेत. मला त्याचा अभिमान वाटला.

राहता राहिलं इमारतीचं अर्थिंग. तीच बाजू कच्ची असणार, अशी माझी खात्री झाली. मग मी स्वतःचं वेगळं अर्थिंग करायचं ठरवलं. त्यासाठी जमिनीत खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरायची आणि ओल टिकावी म्हणून भोवती मिठाचा आणि कोळशाचा थर द्यायचा, ही जुनी पद्धत. मी पार्किंगच्या मागे, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली, एका सकाळी फावडं घेऊन खणायला लागलो. शेजारी खड्याच्या मिठाची गोणी, कोळशाचं पोतं आणि तांब्याचा तांब्या. तांब्या पाणी घालायला आणला होता. त्या दिवशी अमावास्या होती हे मला माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या काकूंना माहीत होतं.

अर्ध्या तासात सेक्रेटरी खाली आले. "आपण काय पुरताय, हे कळू शकेल का?"

"अर्थिंग."

"ते आम्हाला सांगायला झालं. काकू म्हणतायत, त्यांच्या खिडकीसमोरच का?"

मी त्यांना उभ्या उभ्या सगळं समजावलं: पडदा, व्होल्ट, घूं, दादा. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या बंधूंना आवाज ऐकू येतात, आणि त्यावर उपाय म्हणून आपण मीठ पुरताय." असं मांडल्यावर मलाही ते पटायला लागलं. शेवटी काकूंची समजूत बायकोनं काढली. काय सांगून काढली ते तिनं मला सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून काकू माझ्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलतात.

यानंतर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादाला पुन्हा बोलावलं. रविवारी त्याला जमेना; त्याच्या इमारतीत पंपाच्या आवाजाबद्दल मीटिंग होती आणि तक्रार त्याचीच होती. म्हणून तो गुरुवारी दुपारी आला. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. पण हल्ली दर गुरुवारी जात नाही, त्यामुळे माणूस विसरतो.

नेहमीप्रमाणे सगळं बंद केलं. दादा खुर्चीत बसला, डोळे मिटले. मी लेंग्याच्या खिशात हात घालून त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. या वेळी त्यानं फार वेळ घेतला. कपाळावर आठी नव्हती. मला वाटलं, झालं. मी रेकॉर्ड उचलायला हात पुढे केला.

"आहे," दादा म्हणाला. मग मान हलवून म्हणाला, "तशीच आहे रे."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. आता काय करायचं ते मला खरोखरच कळेना. मी तसाच उभा असताना स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, आता बोलू का?"

"काय?"

"लाईट गेलीय. पाण्याच्या फिल्टरचा दिवा विझलाय."

"केव्हा?"

"झाला की बराच वेळ. तुम्हीच बजावलंय ना, बोलायचं नाही म्हणून."

मी वळून बघितलं. व्हॉल्व्ह लाल होते, पण ते बॅटऱ्यांवर चालत होते. त्यांच्यामागचा, भिंतीतून करंट येतोय हे दाखवणारा दिवा विझला होता. पेटीत काही हजार व्होल्ट सोडाच, भिंतीतून एक व्होल्टही येत नव्हता. मी बटणं वर-खाली करून बघितली. प्लग काढला. बॅटऱ्यांच्या तारा सोडवल्या आणि व्हॉल्व्ह हळूहळू काळे पडले.

"अजून येतेय?" मी विचारलं.

"येतेय," दादा म्हणाला. त्यानं डोळे उघडले होते आणि तो माझ्या हातातल्या प्लगकडे बघत होता.

मी जाऊन खिडकी उघडली. का उघडली ते सांगता येणार नाही. कुठून तरी आवाज यायला हवा होता मला. पण सगळ्या इमारतीची लाईट गेली होती, समोरच्या इमारतीचीही गेली होती. कोणाचा पंप चालू नव्हता, फ्रिज चालू नव्हता, पिठाची गिरणी चालू नव्हती.

दादाचं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. माझ्याआधी त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे तुझ्या यंत्रात काही दोष नाही," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकायला मी जेवणाच्या टेबलावर ट्यूब फुगवली होती, अमावास्येला मीठ पुरलं होतं. दादानं माझ्या कुठल्याही कामाला आजवर असं म्हटलेलं नाही. आणि ते ऐकताच मला वाटलं, नको, हे मागे घे. दोष असू दे. शंभर असू देत, मी एकेक शोधून काढीन.

"असं कसं, दादा," मी म्हटलं. "असणारच. मी परत उघडून बघतो. एखादा जोड कच्चा राहिला असेल."

"लाईट नाहीये," दादा म्हणाला. "जोड कच्चा असून करणार काय?"

मग तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मनातल्या मनात एकेक रक्कम मागे जाऊन तपासत असावा. "तो फ्रिज म्हणजे उगाचच," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "वरच्यांना पण काय काय बोललो मी." आणि मग, "शेवटच्या मैफलीत त्या गाणाऱ्या मुलाला तोंडावर सांगितलं होतं मी, तुझा तंबोरा घरघरतो म्हणून. चांगला गायचा रे." त्यानं माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "मीठ उरलंय का? मलाच अर्थिंग करून घ्यायला पाहिजे."

एरवी या वाक्याला घर हसलं असतं. बायको पुढे आली आणि म्हणाली, "दादा, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी येते तुमच्याबरोबर. ह्यांना नको न्यायला, हे तिथलं मशीन उघडून बसतील."

"जाऊ," दादा म्हणाला, इतक्या पटकन की मला भीती वाटली. मग खाली बघत म्हणाला, "ती असती तर तेव्हाच कळलं असतं. विचारलं असतं, तुला येतोय का गं आवाज. घरात विचारायला कोणी नाही ना."

मी प्लग उगाचच पुसत होतो.

"लाईट केव्हा येते तुमच्याकडे?" दादानं विचारलं.

"पाचपर्यंत येते."

मला वाटलं, आता चहा पिऊन उठेल. त्यानं पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली. "थांबतो," तो म्हणाला. "एक रेकॉर्ड ऐकूनच जातो. घूं तर घूं. तोडी काढून ठेव."

मी तोडी काढून ठेवली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. बायको चहा टाकायला आत गेली. सबंध बिबवेवाडीत करंट नव्हता. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मी डोळे मिटले आणि कान देऊन ऐकायला लागलो. इतके महिने मी त्या आवाजाच्या मागे लागलो होतो, आणि आता तो एकदा तरी, अगदी बारीक का होईना, मलाही ऐकू यावा असं मला फार वाटत होतं. मी श्वास धरून ऐकलं. मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. शेजारी दादा एकटाच तो ऐकत होता.